हवालदार

आमच्या सोसायटीत पोलीस खात्यातलं कुणी राहत नाही, तरी एक हवालदार आहेत. ही पदवी त्यांना वॉचमननं दिली. रविवारी पहाटे पार्किंगमधून फुस्स-फुस्स असा आवाज येऊ लागला, तेव्हा पहिल्या रविवारी त्याला साप वाटला. दुसऱ्या रविवारी कुणीतरी गाडीतलं पेट्रोल काढतंय असं वाटलं. तिसऱ्या रविवारी तो काठी घेऊन खांबाआड गेला, तर तिसऱ्या मजल्यावरचे साहेब उकिडवे बसून बायकोच्या सायकलीत हवा भरत होते. ‘हवेचं खातं यांच्याकडे, म्हणजे हे हवालदार,’ असं त्यानं दूधवाल्याला सांगितलं. आणि दूधवाल्याला सांगितलेली गोष्ट आठ वाजेपर्यंत आमच्या चारही विंगांत पोचते.

नाशकात हवालदारांचं पीक २०१५ नंतर आलं. त्या वर्षी इथल्या महाजन डॉक्टर बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून पुरी केली, आणि गावातल्या ज्या पुरुषांना तोवर फक्त पोट होतं त्यांना आपल्याला मांड्याही आहेत याची आठवण झाली. रविवारी उजाडायच्या आत गंगापूर रोडला सायकलींच्या लाल दिव्यांची रांग दिसू लागली. पण त्या रांगेतला, घट्ट चड्डीतला, चहाच्या टपरीवरही सरासरी वेगाबद्दलच बोलणारा माणूस वेगळा. आमचे हवालदार त्या जातीचे नव्हेत. हे सहकुटुंब निघतात. यांचा वेग म्हणजे नऊ वर्षांच्या चिरंजीवांचा वेग, आणि वाटेत कुत्र्याचं पिल्लू दिसलं की तोही शून्य. वेगात काही करून दाखवायला वाव नसला की माणूस सुरक्षिततेकडे वळतो. हेल्मेटं झाली, दिवे झाले, ग्लुकोजचे पुडे झाले, मलमपट्टीची डबी झाली. मग उरली हवा.

हवालदार ओळखायला सोपा. तो कुणाकडे गेला की चपला काढता काढता जिन्याखालच्या सायकलीचं टायर अंगठ्यानं दाबतो आणि ‘हं’ म्हणतो. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून म्हणतात, त्यातलं हे ‘हं’. माझ्या सायकलीला त्यांनी असं ‘हं’ केलं तेव्हापासून आमची ओळख. मी म्हणालो, ‘चालते हो, भाऊ.’ ते म्हणाले, ‘चालते, पण रिमवर चालते.’

त्यांच्या या वेडाला एक उगम आहे. दोन वर्षांपूर्वी चिरंजीवांची नवी कोरी वीस इंची सायकल ते पेट्रोल पंपावर हवा भरायला घेऊन गेले. तिथला कॉम्प्रेसर ट्रकसाठी असतो, त्याला सात वर्षांच्या मुलाचं टायर म्हणजे दाताखाली चणा. हवा भरणाऱ्या पोऱ्यानं नळी लावली, आणि तो हवालदारांकडे वळून ‘किती भरू?’ असं विचारीपर्यंत उत्तर येऊन गेलं होतं. आवाज एवढा झाला की शेजारच्या रांगेतल्या एका आजोबांनी दोन्ही हात वर केले. चिरंजीव रडले. हवालदार रडले नाहीत, पण त्या क्षणी त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं असावं, कारण संध्याकाळी ते वही घेऊन बसले होते.

वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या सायकलींची यादी होती, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. एका घरात चार सायकली आणि त्यांना तीन जातींची तोंडं. हवालदारांची आणि चिरंजीवांची सायकल जाड टायरची, तिला मोटारसायकलीसारखा जाडजूड व्हॉल्व्ह. कन्येची सायकल मावसभावाकडून आलेली, रेसिंगची, टायर बोटाएवढं, आणि त्याला तो बारीक, लांब, फ्रेंच व्हॉल्व्ह, ज्याच्या टोकाची इवलीशी चकती आधी सैल करायची, मग बोटानं एकदा टिचकी मारल्यासारखी दाबायची, मगच ती हवा आत घेते. (चकती सैल करायला विसरलात तर जन्मभर पंप मारा, पंपच फुटेल, टायर भरणार नाही.) आणि वहिनींची सायकल त्यांच्या कॉलेजातली, लेडीज, पुढे टोपली, चाकाला आपला जुना देशी व्हॉल्व्ह, आत रबराची वॉलट्यूब. ही वॉलट्यूब पूर्वी सायकलवाल्याकडे तुकडे कापून मिळायची, आणि आमच्या पिढीतल्या प्रत्येकानं ती थुंकी लावून बसवलेली आहे.

‘तुमचं घर म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघ आहे,’ मी म्हणालो.

‘म्हणून तर पंप एकच पाहिजे,’ ते म्हणाले.

पहिला पंप त्यांनी खिशात मावणारा घेतला. वीतभर लांब, चंदेरी, वजन पेनाच्या डब्याएवढं. डब्यावर ठसठशीत लिहिलेलं : १२० पीएसआय. पीएसआय म्हणजे चौरस इंचावर किती पौंडांचा दाब, हे त्यांनी मला सोसायटीच्या गेटापासून दुसऱ्या विंगेपर्यंत समजावून सांगितलं. पंप खोटं बोलत नव्हता. तो १२० पर्यंत जातही असेल, फक्त त्याला नेणारा माणूस डब्यात येत नव्हता. हवालदार पार्किंगमध्ये बसले आणि मोजू लागले. शंभर झाले, टायर गुबगुबीत दिसू लागलं. दोनशे झाले, हवालदार गुबगुबीत दिसेनासे झाले. अडीचशेला वरून वहिनींनी हाक मारली, ‘अहो, पोहे झाले.’ हवालदार म्हणाले, ‘माझेही.’ नळकांडं इतकं तापलं होतं की त्यांनी ते रुमालात धरलं होतं. हवा दाबली की तापते, हे आपण शाळेत शिकतो, पण बोटाला फोड आल्याशिवाय ते ज्ञान मुरत नाही.

दुसरा पंप विजेवरचा. मुठीत मावणारा, यूएसबीनं चार्ज होणारा, आकडा टाकला की भरून आपोआप थांबणारा. खरं सांगायचं तर हा मला आवडला होता. पण त्याचा आवाज मिक्सरमध्ये सुकं खोबरं टाकल्यासारखा. पहाटे साडेपाचला तो सुरू झाल्यावर पहिल्या मजल्यावरच्या आजी ‘आज कुणाकडे सण आहे?’ असं विचारत बाल्कनीत आल्या. शिवाय शनिवारी रात्री चार्जर कन्येच्या मोबाईलला लागलेला असे, आणि मोबाईल व पंप यांत कोण जिंकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

तिसरा म्हणजे पंप नव्हेच, गॅसची नळकांडी. सोळा ग्रॅमचं एक काडतूस, कार्बन डायऑक्साइड भरलेलं, तोंडाशी लावून फिरवलं की दोन-चार सेकंदांत टायर टणक. शर्यतवाल्यांचं हत्यार. हवालदारांनी ते पहिल्यांदा उघड्या बोटांनी धरलं आणि फ्रीजरमधली बर्फाची ट्रे चिकटते तसं ते बोटांना चिकटलं. टायर मात्र फुगलं. ते खूष झाले, आम्हीही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी टायर पुन्हा मऊ. तो गॅस रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर निसटतो, त्यामुळे घरी आल्यावर पुन्हा हवाच भरावी लागते. आप्पा एवढंच म्हणाले, ‘म्हणजे सोड्याच्या बाटलीवर सायकल चालवायची, आणि ती बाटली एकदाच उघडायची.’

आप्पा म्हणजे हवालदारांचे वडील. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त. एके काळी जेलरोडवरून प्रेसच्या पाळीला निघालेल्या सायकलींत त्यांचीही एक काळी, दांड्याची सायकल असे. तिच्या दांड्याला क्लिपांत अडकवलेला लांब पंप होता, तो दोनदा चोरीला गेला, तिसऱ्यांदा त्यांनी घेतला नाही. ‘रस्त्यात हवा गेली तर काय करायचात?’ असं नातवानं विचारलं, तर म्हणाले, ‘मागून येणाऱ्याचा पंप घ्यायचो.’ टायर बघायची त्यांची पद्धत एकच : अंगठा. वहीतले आकडे, कोष्टकं, सायकलस्वाराच्या वजनाप्रमाणे दाब हे सगळं बघून ते मला हळूच म्हणाले, ‘जन्मभर नोटा छापायच्या जागी नोकरी केली. एवढा हिशेब तिथंही नव्हता.’

वजनावरून आठवलं. टायरवर कडेला कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब उठवलेला असतो, त्या दोन्हींच्या मध्ये किती भरायचा ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. हलक्या माणसाला कमी हवा पुरते. मुलाच्या टायरमध्ये ठासून भरली तर प्रत्येक खडा त्याच्या दातांपर्यंत पोचतो. हे सगळं बरोबर आहे. पण या शास्त्रापायी हवालदारांनी एका शनिवारी रात्री वहिनींना त्यांचं वजन विचारलं. वहीतला तो रकाना आजही रिकामा आहे. समोर पेन्सिलीनं ‘अंदाजे’ असं लिहिलंय, आणि अक्षर हवालदारांचं नाही.

चौथा पंप घेण्याआधी मात्र त्यांनी खरोखर विचार केला, आणि हा विचार इतका सरळ होता की मलाही कळला. ते मेडिकलमध्ये गेले आणि इंजेक्शनच्या दोन सिरिंजा मागितल्या, एक जाड, एक बारीक, सुया नकोत. दुकानदार त्यांच्या कोपराच्या आतली बाजू बघायला लागला. घरी येऊन त्यांनी मला दोन्ही दिल्या. तोंडावर बोट दाबून धरायचं आणि दट्ट्या आत ढकलायचा. बारीक सिरिंज सहज जाते. जाड सिरिंज तेवढंच आत ढकलताना अंगठा पांढरा पडतो. पंपाचंही तेच. वीस मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात साठ पीएसआयपर्यंत पोचायला शेवटी तेराएक किलोंचा जोर लागतो, आणि तीस मिलिमीटरच्या नळकांड्याला तीस किलोंचा. जाड नळकांडं एका दमात दुपटीहून जास्त हवा ढकलतं, पण शेवटी माणसाला ढकलून देतं. म्हणजे जाड टायरला, जिथं हवा पुष्कळ पण दाब कमी, तिथं जाड पंप; रेसिंगच्या बारीक टायरला, जिथं हवा मूठभर पण दाब नव्वद-शंभर, तिथं बारीक पंप.

‘आणि आमच्याकडे दोन्ही टायरं आहेत,’ असं म्हणून ते सिरिंजांकडे बघत बसले. संसारात पडलेल्या माणसाची ही मुद्रा मी मुलींच्या शाळेच्या फीच्या रांगेत बघितली आहे.

तोड त्यांना सापडली ती नळीवाल्या पंपात. लांबीला हातभर, खाली पाय ठेवायला दुमडणारी पट्टी, वर आडवी मूठ, म्हणजे दोन्ही हातांनी, उभ्यानं, अंगाचा भार टाकून मारता येतो. मनगटाचं काम पाठीनं करायचं. तीस किलोंचा जोर मनगटाला लागला तर मरण, भार टाकला तर आमच्या वयाच्या माणसाकडे तो भार असतोच. आणि मुख्य म्हणजे नळी. नळी नसलेला पंप थेट व्हॉल्व्हवर बसतो, प्रत्येक झटक्याला व्हॉल्व्ह हलतो, आणि कन्येच्या त्या फ्रेंच व्हॉल्व्हची काडी दोनदा अशीच वाकली होती. वर छोटा काटाही आहे, दाब दाखवणारा. जाड व्हॉल्व्हला एक भोक, बारीक व्हॉल्व्हला दुसरं. देशी व्हॉल्व्हलाही बारीक भोक चालतं. फक्त वॉलट्यूब हवा आत सोडते, मागे येऊ देत नाही, त्यामुळे आत नेमका किती दाब आहे ते काट्याला कळतच नाही.

‘हिच्या सायकलीचं प्रेशर मोजता येत नाही,’ असं हवालदारांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं. वहिनी भाकरी थापत होत्या. थापणं क्षणभर थांबलं. आप्पा म्हणाले, ‘अंगठ्यानं बघ.’ कशाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पंप जमला, आता रविवार यायचा बाकी होता. सहल ठरली सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत, परतताना मिसळ. नाशकात सायकलीवरून कुठंही जा, वाट मिसळीवरूनच परत येते. किती कॅलरी जळल्या याचा हिशेब करणाऱ्यांनी त्या रश्शाच्या तर्रीत डोकावून बघू नये. मलाही त्यांनी ओढलं. सहाला निघायचं होतं. सहाला हवालदारांनी पहिल्या सायकलीला नळी लावली. प्रत्येक चाकाला मोजणी, मग थोडी सोडणे, मग पुन्हा मोजणी. मोजताना थोडी जाते म्हणून पुन्हा भरणे. नळी काढताना जो फस्स आवाज येतो तो टायरमधल्या हवेचा नसतो, नळीतल्या हवेचा असतो, हे मी आता झोपेतही सांगू शकतो, पण हवालदारांचा त्यावर बुद्धीनं विश्वास होता, काळजानं नव्हता. दर फस्सला त्यांचा चेहरा पडे आणि ते पुन्हा नळी लावत. पावणेआठला आम्ही गेटाबाहेर पडलो. ऊन डोक्यावर यायच्या बेतात होतं. शर्यतवाले तेव्हा धरणावर जाऊन परत येत होते.

चाकं मात्र अशी पळत होती म्हणून सांगतो. पहिल्यांदाच मला कळलं की वर्षभर मी सायकल चालवत नव्हतो, ढकलत होतो. माझ्या टायरमध्ये हवालदारांनी पंचावन्न भरली होती. वहिनी टोपलीत पाण्याची बाटली घेऊन सगळ्यांच्या पुढे. गंगापूर रोडचा चढही चढ वाटला नाही. हे मी कबूल करतो, आणि हवालदारांसमोर कबूल केलेलं नाही.

सोमेश्वर झालं. पाणी बघितलं, फोटो झाले, चिरंजीवांनी भाजलेलं कणीस खाल्लं. परतताना शॉर्टकट म्हणून ते रस्ता सोडून कडेच्या गवतातून गेले, आणि गवतात सराटा होता. ज्यांनी सराटा बघितला नाही त्यांच्यासाठी : हरभऱ्याएवढं फळ, चहूबाजूंनी काटे, कसंही पडलं तरी एक काटा वर. निसर्गानं हे फळ सायकलीच्या ट्यूबला डोळ्यांसमोर ठेवूनच घडवलं असावं. मागचं चाक दोनशे पावलांत बसलं.

हवालदारांचा चेहरा मी विसरणार नाही. मुलाची सायकल पंक्चर झाल्याचं दुःख त्यावर होतं, नाही असं नाही. पण दुःखाच्या मागे कुठंतरी बारशाचे पेढे वाटायला निघालेला माणूस उभा होता. त्यांनी पाठीवरची पिशवी काढली, पंप काढला, पट्टी दुमडून खाली केली, पाय रोवला, आणि मारायला लागले. टायर फुगलं. हवालदारांनी घाम पुसला. टायर बसलं. पुन्हा मारले. पुन्हा फुगलं, पुन्हा बसलं.

वहिनी सायकलीवरून न उतरता म्हणाल्या, ‘अहो, भोक बुजवायचं सामान?’

शांतता पसरली. पिशवीत ग्लुकोज होतं, मलमपट्टी होती, काटा असलेला पंप होता, फ्रेंच व्हॉल्व्हला लागलाच तर म्हणून पितळी अ‍ॅडाप्टर होता, सुटी वॉलट्यूब होती. पॅच नव्हता, सोल्यूशन नव्हतं, टायर उचकटायच्या पट्ट्या नव्हत्या, जादा ट्यूब नव्हती. चार पंप, एक वही आणि दोन सिरिंजा यांच्या गर्दीत ही गोष्ट दोन वर्षं कुणाच्याच ध्यानात आली नव्हती, की पंप हवा भरतो, भोक भरत नाही.

अर्धा किलोमीटरवर पंक्चरवाला होता. टायर टांगलेलं, पाण्याची घमेली, कानस, सगळं जिथल्या तिथं. त्यानं ट्यूब काढली, पाण्यात फिरवली, बुडबुडे आले, घासली, ठिगळ लावलं. टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढला आणि चिरंजीवांच्या हातावर ठेवला. मग त्यानं कॉम्प्रेसरची नळी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. लाईट गेली होती. टाकीतली हवा आधीच संपली होती. दुकानासमोर चार मोटारसायकली, एक स्कूटर आणि द्राक्षांच्या बागेवर निघालेला एक माणूस ताटकळत उभे होते.

पंक्चरवाल्यानं हवालदारांच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. नळी बाहेर डोकावत होती.

‘भाऊ, पंप आहे का तुमच्याकडे?’

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीही विचारलेला नव्हता. ते काही बोलले नाहीत. पट्टी उघडली, पाय रोवला. मोटारसायकलच्या टायरला दाब कमीच लागतो, तीसच्या आसपास, पण पोट मोठं. सायकलीच्या पंपानं ते भरायचं म्हणजे चमच्यानं हौद. आधी त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं सोडली, मग सगळीच. ‘बत्तीस झाले, आणखी नको, तुम्ही एकटेच बसता ना?’ असं ते विचारत होते आणि द्राक्षवाला मान डोलवत होता. वहिनींनी थोडा वेळ बघितलं, मग म्हणाल्या, ‘आम्ही पुढे होतो, मिसळ मागवतो.’ हवालदारांनी ऐकलं नाही. ते मोजत होते.

आमच्या तीन प्लेटी झाल्या, दह्याच्या वाट्या झाल्या, पापड झाले. त्यांची प्लेट समोर थिजली. ते आले तेव्हा अकरा वाजले होते, हाताला काळं लागलं होतं, आणि पंक्चरवाल्यानं ठिगळाचे पैसे घेतले नव्हते, हे त्यांनी बसायच्या आधी सांगितलं. मग पाव मोडला आणि म्हणाले, ‘मोटारसायकलीसाठी खरं तर वेगळाच पंप घ्यायला हवा. पायानं मारायचा.’

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी रश्शाकडे बघितलं.

तर सांगायचं असं, की तुम्हाला सायकलीचा पंप घ्यायचा असेल तर दुकानात जाण्याआधी एकदा आमच्या सोसायटीत येऊन जा. तिसऱ्या मजल्यावर तीन आहेत, एक खिशातला, एक विजेवरचा आणि गॅसची पाच काडतुसं, सगळे जवळजवळ नवे. वहिनी ते फुकट द्यायला तयार आहेत. फक्त रविवारी पावणेआठनंतर या, म्हणजे हवालदार घरी नसतील. आणि चपला काढताना टायर कुणी दाबलंच, तर ते आप्पा असतील.